कोळशाचे आकडे

विहिरीला पाणी लागलं, तसं चंद्रभानने काठावरच अंग टाकलं. महिनाभर खोदताना निघालेला, दगड बनलेला प्रत्येक जुना शंख त्याने जपला होता. किती फुटांवर सापडला, ते कोळशाने त्यावर लिहायचं, असं कॉलेजातल्या लेकीने बजावलं होतं. खालचे गुळगुळीत, वरचे काटेरी होत गेलेले दिसले, तर लाखो वर्षांत जीव कसा बदलला ते कळणार होतं. संध्याकाळी लेक आली, तर विहिरीच्या पूजेत शंख घासूनपुसून, हळदकुंकू लावून मांडलेले. आकडे गेलेले. “देवापुढं मळके ठिवू काय?” आई म्हणाली. “काटे पाहून खालीवर लाव ना,” चंद्रभान पुटपुटला. “बाबा, तेच तं सिद्ध कराचं होतं!” नवे काढायचे, तर खालचा थर पाण्याखाली होता. “मोटर लावून उपसू?” त्याने विचारलं, पण उठला नाही. लेक ओंजळभर गढूळ पाणी प्यायली. “राहू द्या. गोड हाय.”