पुलाला नाव कोणाचं?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या बाजारात तापिओकाची धिरडी विकणाऱ्या जुरेमाबाईंनी यंदा आमदार ओस्मुंडोला घरी बसवायचा चंगच बांधला होता.

"अख्खा पूल गिळला मेल्यानं! त्यापेक्षा आपल्या गाणाऱ्या बियूला मत द्या," असं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत.

"अहो, पण दोघं एकाच पक्षाचे ना? आपल्याकडे सगळी मतं पक्षाच्या खात्यात मोजून जागा वाटतात," शेजारच्या नेइदेनं आठवण करून दिली.

"पक्ष गेला चुलीत! मी माणूस बघते."

निकालात बियूला ढिगानं मतं पडली, ओस्मुंडोला जेमतेम मूठभर. जुरेमाबाईंनी आनंदानं सगळ्यांना फुकट खाऊ घातलं. संध्याकाळी बघतात तर फुलांचा गुच्छ घेऊन खुद्द ओस्मुंडो दारात उभा!



"जुरेमाबाई, बियूच्या मतांवर पक्षाला दोन जागा मिळाल्या, पक्षात बियूच्या खालोखाल मी, म्हणून दुसरी माझी! आता पुलाला नाव तुमचंच देणार."