पहिला ट्रॅक

आई परदेशी सिनेमांना आपल्या भाषेत आवाज द्यायची. ती गेल्यावर तिचा आवाज उरला तो घरातल्या एकावन्न डीव्हीडींत. त्यांनाही बुरशी धरायला लागली, तेव्हा मुलानं त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं मनावर घेतलं.

"फाइल लहान करायला जाऊ नकोस, आवाज मरतो," मित्रानं बजावलं. म्हणून त्यानं जागा भरपूर खाणारा, पण आवाजातलं काहीच न गाळणारा फॉरमॅट निवडला. दोन महिने ऑफिसमधून आल्यावर हेच काम. सिनेमा नीट उतरला की नाही, हे तो पडद्यावर आवाजाबरोबर नाचणाऱ्या हिरव्या रेषा बघून तपासायचा. स्पीकर मात्र बंद. आईचा आवाज ऐकायची त्याची अजून छाती होत नव्हती.

रविवारी त्यानं वडिलांना शेजारी बसवलं आणि धीर करून पहिल्यांदाच स्पीकर लावला. नायिकेनं तोंड उघडलं आणि ती तिच्या स्वतःच्या, परक्या भाषेत बोलू लागली. त्यानं दुसरा सिनेमा लावला, मग तिसरा, मग दहावा. प्रत्येक डीव्हीडीवर आवाजाचे दोन ट्रॅक होते, पहिला मूळ भाषेतला आणि दुसरा आईचा; कॉम्प्युटरनं फक्त पहिला उचलला होता.

"असू दे रे, एवढा काय घाबरतोस?" वडील म्हणाले. "डीव्हीडीच लाव. तिच्यात आहे ना तुझी आई."



'आता आई कुठे जात नाही,' असं म्हणत मुलानं सगळ्या डीव्हीडी मंगळवारीच भंगारात घातल्या होत्या.