उलटी खुर्ची

बाराव्या होलपुढचा आकडा घामाने पसरला होता. चार की सहा? ताईने कार्ड खिडकीशी नेलं, टेबलाशी आणलं, पुन्हा खिडकीशी नेलं. मग उगाचच तिसऱ्यांदा पाणी प्यायली.

गोल्फ क्लबच्या कचेरीत तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. आधीची चौदा वर्षं शाळेचे निकाल लावण्यात गेलेली. पहिल्या दिवशी सवयीने तिने जास्त आकड्यावाल्याला वर बसवलं, तेव्हा सेक्रेटरी पोट धरधरून हसले होते.

"बाई, इथे सगळं उलटं. ज्याचे फटके कमी, तो शहाणा."

तेव्हापासून एक्सेलमधली यादी खालून वर लावायची, हे तिने पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

कार्डांवर नावं नव्हती, नुसते नंबर. पक्षपात नको म्हणून नावासह्यांची पट्टी सेक्रेटरी आधीच फाडून खिशात टाकत. अडतीस कार्डं भरून झाली होती. उरली होती शेवटच्या जोडीची दोन, एकाच पाकिटातून आलेली. जोडी म्हणजे तिचा धाकटा भाऊ आणि गावचे दंतवैद्य.

धाकटा अठरा वर्षं इथे खेळणाऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहत होता. पाठीचं पार मातेरं झालेलं. चपला घालायला वाकताना भिंत धरायचा, पण क्लबातल्या गोष्टींबद्दल घरी चकार शब्द काढायचा नाही. यंदा कमिटीने त्याला शब्द दिला होता, पहिला आलास तर शिकवायची जागा तुझी. नाहीतर पिशवी आहेच.

पंधरा नंबरच्या कार्डावरचं अक्षर डॉक्टरी होतं, पण बेरीज लागत होती, बहात्तर. सोळावर मात्र जागोजागी उलट्या खुर्च्या मांडलेल्या. ताईला गलबलून आलं. लहानपणी धाकट्याला इंग्रजी चारचा आकडा जमेना, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "टेबलावर उलटी ठेवलेली खुर्ची काढ." पठ्ठ्या अजून तशीच काढत होता.

सोळावरचाच तो पसरलेला आकडा सहा धरला तर त्र्याहत्तर, म्हणजे दुसरा. चार धरला तर एकाहत्तर.

तिने कागद उजेडात धरला. आकड्याला गोल पोट होतं. खुर्चीला पोट नसतं. तो सहाच होता.

रडत आलेल्या आईबापांसाठीही तिने कधी कुणाचा अर्धा गुण वाढवला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. तरी बोट चारवर गेलं. यादी लावताच सोळा नंबर टुणकन सगळ्यांच्या वर जाऊन बसला. तिने अंगठा ओला केला आणि कार्डावरचं ते पोट पुसून टाकलं.

"झालं का, बाई?" सेक्रेटरी आत आले.

"झालं."

त्यांनी सोळाचं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "हा चार कशावरून?"

"बाकीचे चार बघा ना. असेच आहेत, उलट्या खुर्चीसारखे."

"खरंच की. नजर आहे तुम्हाला." त्यांनी निकालावर सही ठोकली, खिशातल्या पट्ट्या काढल्या आणि नंबर जुळवू लागले. ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सोळा म्हणजे... दंतवैद्य. पहिले." ते चुकचुकले. "वाईट वाटतं हो. पंधरा तुमचा भाऊ. एका फटक्याने गेला बिचारा."

"काहीतरी घोळ झालाय," ताई उठून उभी राहिली. "सोळावरचं अक्षर धाकट्याचं आहे. मी ओळखते."

"असणारच," सेक्रेटरी म्हणाले. "आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं, बाई. ते जोडीदाराने लिहायचं."