थर्मासएवढी लेन्स

"आधी हे सगळं मावतंय का बघू," म्हणत सत्यशीलाबाईंनी हातातली पिशवी काउंटरवर उपडी केली. कडा घासलेला पत्र्याचा एक चौकोनी तुकडा, एक पितळी डबा, एक स्टीलचा तांब्या आणि एक लांब थर्मास.

दिनकरराव परभणीत बॅगा विकता विकता म्हातारे झाले होते, पण बॅग घ्यायला थर्मास घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"ह्यो लॅपटॉप," सत्यशीलाबाईंचे यजमान सूर्यभान पत्र्यावर बोट ठेवून म्हणाले. "डबा म्हंजी कॅमेरा. तांब्या ही बारकी लेन्स, थर्मास ही मोठी. दोरीनं माप घेऊन जुळवलंय समदं. खरं सामान आनलं असतं तर रोहिणीला कळलं असतं. मग ती नकोच म्हनली असती."

"पोरगी फोटो काढते?"

"पाखरांचे. गंगाखेडला पहाटंच नदीवर जाऊन बसती. आता नदीची फिलिम करनाऱ्या लोकांनी बोलावलंय तिला. गोदावरीच्या उगमापासून पार समुद्रापर्यंत."

सूर्यभानांना जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा अभिमानही मोठ्या आवाजातच बाहेर पडायचा. शेजारच्या दुकानातल्या माणसानं डोकावून पाहिलं.

"मग अडलंय कुठं?"

"शपथेत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "जाशील तर माझी शपथ, असं मानवतच्या बाईनं घातलंय तिला. तवापासून कॅमेरा साडीत गुंडाळून कपाटात टाकलाय. पोरगी हसती, बोलती, पर नदीकडं जात न्हाई. मला बघवंना."

शपथ ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची असते. 'सुटली' असं त्याच्याच तोंडून यावं लागतं. हे दिनकररावांनाही ठाऊक होतं.

"लग्न झालंय म्हणा की."

"झालंय. दोन वर्षं झाली."

"मग माझं ऐका, साधी घ्या एखादी. माझी भक्ती जिल्ह्याला कबड्डी खेळलेली. सासरी गेली आन् बूट माळ्यावर गेले. आपण काय करायलोत हितं बसून?"

हे सांगताना त्यांनी बॅगेवरची नसलेली धूळ झटकली.

"साधी न्हाई पाहिजे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ही बॅग घेऊन हितूनच मानवतला जायचंय. त्या बाईच्या म्होरं ठिवायची. तिच्या एकेका शंकेला उत्तर पाहिजे बॅगेत."

पहिली बॅग वरून उघडणारी निघाली. गर्दीत मागून कुणीही चेन ओढेल म्हणून ती बाजूला गेली. दुसरीत मोठी लेन्स, म्हणजे थर्मास, आडवा होईना. तिसरी मात्र पाठीच्या बाजूनं उघडायची. पाठीवर असेपर्यंत तिच्यात कुणाला हात घालता येत नव्हता. आत मऊ कप्पे होते. डबा बसला, तांब्या बसला, थर्मास बसला, पत्राही आपल्या खणात सरकला.

"चोराचं मिटलं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आता ओझ्याचं. पाठीवर वझं वाहून कंबर जाईल, पुढं बाळंतपनाला तरास होईल, असं म्हनती."

"सासवांचं असंच असतं," दिनकरराव म्हणाले.

सत्यशीलाबाईंनी बॅग पाठीवर चढवली, पदर सोडवून घेऊन कमरेचा पट्टा लावला आणि रस्त्यावर निघाल्या. कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाऊन आल्या. दळणाला आलेल्या बाया बघतच राहिल्या.

"समदं कमरंवर येतंय. खांद्याला कायबी न्हाई." मग त्यांना छातीवरच्या पट्ट्याला छोटी शिट्टी दिसली. "ही कशाला?"

"अडीअडचणीत वाजवायला."

त्यांनी ती जोरात वाजवली.

"मला बी ऐकू आली," सूर्यभान खूश होऊन म्हणाले. "हीच घे."

बॅग ठरली. दिनकररावांनी पावसाचं कव्हर काढून दाखवलं, पण त्यांचं मन काही बॅगेत नव्हतं.

"घरचे कसे हायेत तिच्या?"

"सासरा बरा हाय," सूर्यभान म्हणाले.

"कसला बरा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "जरा काही मनासारखं न्हाई झालं की तोंड वाकडं."

"आन् सासू?" सूर्यभानांनी विचारलं.

"तोंडाळ. पर पोरीवर जीव हाय तिचा."

"जीव आहे आन् शपथा घालते?" दिनकरराव म्हणाले.

"जीव असल्याबिगर कोन शपथ घालतंय?"

सत्यशीलाबाईंनी बॅगेतून मोठी लेन्स बाहेर काढली, झाकण फिरवलं आणि दोघांना चहा ओतून दिला. सूर्यभानांनी एक घोट घेतला.

"गार झालाय," ते तोंड वाकडं करून म्हणाले.

दिनकररावांनी मात्र तो गार चहा सगळा संपवला. माळ्यावरचे बूट आज त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. भक्तीच्या सासरी असं काही घेऊन जायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं, आणि त्याची आता लाज वाटत होती.

"ताई," ते म्हणाले, "माझा एक निरोप न्या. मी तिकडं काही बोलू शकलो न्हाई, हितं बोलतो. रोहिणीच्या सासूला म्हणावं, एका पोरीच्या बापानं हात जोडलेत. जाऊ द्या तिला."

सत्यशीलाबाईंनी थर्मास परत आत बसवला, बॅग पाठीवर घेतली आणि दिनकररावांचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले.

"सासू तर तुमच्या म्होरंच उभी हाय, दादा," त्या म्हणाल्या. "मानवतला रोहिणीची आई राहाती."