मनीला पिल्लं होईपर्यंत

“हलू नको ना गं, बाई,” म्हणत सुकन्याने मनीच्या कानामागचा गुंता बोटांनीच सोडवला. तिथे कंगवा चालत नाही, कातडी ओढली जाते.

मनी म्हणजे लांब केसांची चिवावा कुत्री. अंगाने पपईएवढी, कानांना झालर, शेपटीला पिसारा आणि डोळे उगाचच मोठे. तिचा जोडीदार राजा तिथेच पायपुसण्यावर घोरत होता. ही जोडी सुकन्याच्या नवऱ्याने, वाल्मिकने, पुण्याहून गावी, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला आणली आणि तो चाकणला नोकरीवर निघून गेला. सांभाळायचं कुणी, हे कुणी विचारलंच नाही. घरात सून होती की.

ओट्याला चारी बाजूंनी हिरवी जाळी ठोकलेली. वरून घारीचं भय, समोरच्या उसात बिबट्याचं. म्हणून कुत्र्यांना बाहेर सोडायचं नाही. त्यांना एकटं टाकायचं नाही, म्हणून सुकन्यानेही बाहेर पडायचं नाही. थोड्या थोड्या वेळाने चार घास भरवायचे, नाहीतर एवढासा जीव गळून पडतो. दात घासायचे, थंडीत स्वेटर घालायचा. जाळीतून तिला श्रीरामपूरच्या कॉलेजला निघालेल्या मुली दिसायच्या. सगळ्या हिरव्या.

तिला नगरला नर्सिंगला जायचं होतं. गेल्या वर्षी नंबर लागला, तेव्हा सासरे काकासाहेब पेपरातून मान वर न करता म्हणाले होते, “न्हाई.”

सासूबाई, कडूबाई, मधे पडल्या. “आसं तोडून नका बोलू पोरीला. कारखान्याच्या संचालकांच्या लेकीला पिल्लाचा शब्द दिलाय ना तुमी? मंग तवर मनीला कोन बगायचं? मनीला एकदा पिल्लं हुंद्या, मंग जाऊ द्या हिला. म्होरचं मी बगते.”

काकासाहेबांनी मान डोलावली. दिलेला शब्द ते फिरवत नसत. नाव घ्यावं असा गुण त्यांच्यात तेवढा एकच होता, पण तो खरा होता. त्या दिवशी सुकन्या कडूबाईंच्या कुशीत शिरून आनंदाने रडली होती.

वर्ष होत आलं. पिल्लांचा पत्ता नव्हता.

कडूबाई होत्या म्हणून ते घर घर वाटायचं. दुपारी त्या सुकन्याच्या केसांना तेल लावत आणि पुढे बसून सुकन्या मनीला विंचरी.

“तू गेल्यावर म्या कोनाशी बोलू गं?” त्या हसत म्हणायच्या. “ह्ये तर पेपराशी बोलत्यात.”

सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मनात जाण्याचे दिवस मोजत या बाईची माया घ्यायची, ही चोरीच की!

“आत्याबाई, मनी माजावर कशी येत नाही?” एकदा तिने विचारलं.

“आल्ती की. पाटंचं डाग पडल्यालं, म्या पुसून बी काढलं. तुला कशाला ती घान?”

मनीच्या पोटाखाली कंगवा नेहमी एका बारीक, सरळ वणावर अडखळायचा. सुकन्या दिवाळीला माहेरी शेवगावला गेली होती, तेव्हा मनी म्हणे कुंपणाच्या तारेत अडकली. काकासाहेब कारखान्याच्या निवडणुकीत बुडालेले. सगळं कडूबाईंनीच निस्तरलं. तिथले केस आता नव्याने, कापसासारखे मऊ आले होते.

यंदा पुन्हा नंबर लागला. शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं होतं. हेही वर्ष गेलं तर आपण या जाळीतच म्हातारी होणार, हे तिला कळून चुकलं होतं.

आणि नेमकं मनीचं पोट गोल दिसू लागलं. अंगावरचे केसही दाट झाले.

“धरलं वाटतं हिनं,” काकासाहेब म्हणाले.

“कशाचं धरतीय! खाती लई,” कडूबाईंनी उडवून लावलं.

सुकन्या समजली. आपण उगाच आशेला लागू नये म्हणून बोलतायत बिचाऱ्या. पण या जातीच्या पिल्लांची डोकी मोठी असतात, बाळंतपण अडतं, हे तिने मोबाईलवर वाचलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं की कडूबाई हात धरत. “नगं गं. गाबन आसल तर गाडीत हादरं बसत्याल.”

गुरुवारी कडूबाई बहिणीकडे काष्टीला गेल्या. मनीने सकाळपासून घास घेतला नव्हता. कुशीवर पडून नुसती धापा टाकत होती.

सुकन्या काकासाहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. “मामा, मनीला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पेपराची घडी केली. “बस गाडीत.”

फाटक उघडलं. रस्ता, ऊस, माणसं, सगळं आपापल्या रंगात दिसायला लागलं. सुकन्याने काच पूर्ण खाली केली.

“मामा, पिल्लं असली तर?”

“तर उद्या सकाळी मीच सोडतो तुला नगरला. शब्द हाय माजा.”

तिने मनीला घट्ट धरलं आणि वर्षभरात पहिल्यांदा हॉस्टेलवर काय काय न्यायचं ते मनात मांडायला सुरुवात केली. कडूबाईंना रोज फोन करायचा, हेही ठरवून टाकलं.

श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मनीला टेबलावर आडवं केलं, ताप पाहिला, पोट चाचपलं. “खाण्याचं बाधलंय. आणि वजन फार वाढवलंत तुम्ही हिचं.”

“आणि पिल्लं?” सुकन्याने विचारलं. “किती आहेत, मॅडम?”

डॉक्टरीणबाईंनी पोटावरचे मऊ केस बाजूला सारले, त्या सरळ वणावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“पिल्लं कुठून येणार? हिची पिशवी मीच काढलीय, दिवाळीत. तुमच्या सासूबाई घेऊन आल्या होत्या. फार घाई करत होत्या, म्हणाल्या, सून माहेराहून यायच्या आत जखम भरली पाहिजे.”