उन्हाळ्याची जागा

स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण दर जुलैत, ऐन उन्हाळ्यात, अडकतो.

कुरणातल्या नव्या दफनभूमीत लोखंड चालत नाही. खिळा नाही, स्क्रू नाही, बिजागरी नाही. लाकडी खुंट्या ठोका, फोनवरची बाई म्हणाली, बहुतेक लोक तेच करतात.

लेम्पीच्या वडिलांच्या शवपेटीवर काकांनी अंगणातच खिळे ठोकले होते. ती दाराआड उभी होती. अजूनही शेजारी कुणी हातोडा उचलला की ती रेडिओ मोठा करते.

अर्मसचे हात थरथरायला लागले तेव्हा त्याने आपलं कातकामाचं यंत्र, लेथ, भाच्याला देऊन टाकलं.

खिडकीत, अंड्यांच्या पुठ्ठ्यात, टोमॅटोचं बी. फेब्रुवारीत टोमॅटो पेरायचे नसतात, हे घरातल्या दोघांनाही माहीत आहे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाई एकट्या अर्मसशी बोलल्या. गाडीत बसल्यावर तो बायकोला, लेम्पीला, म्हणाला, "उन्हाळा मिळेल म्हणतात."

•

गॅरेजमध्ये लाकडाची शेगडी धगधगत होती. लेम्पी मासेमारीच्या घडीच्या खुर्चीत, कोटावर घोंगडी ओढून बसली होती. समोर सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर पाइनची पेटी. तिने कॉफीचा मग पेटीच्या झाकणावर ठेवला.

"डाग पडेल," अर्मस म्हणाला.

"पडू दे. परत विकायची आहे का?"

तो शेवटचा बोल्ट कानशीने घासत होता. मॅपलच्या दांडीवर कागदाची पट्टी तिरकी गुंडाळायची, पट्टीच्या कडेने पेन्सिल ओढायची, रेघेवरून बारीक करवत फिरवायची, मग त्रिकोणी कानस. नटाच्या आतल्या आट्यांसाठी त्याने एका जाड लोखंडी बोल्टला खाचा पाडून हत्यार केलं होतं. लेथवर एका दुपारीत झालं असतं. सगळा जानेवारी त्यात गेला.

"पोरं विचारतील," तो म्हणाला, "आईला नट-बोल्टनी का आवळली?"

"सांग, सुटून पळाली असती." ती हसली, मग खोकली. खोकला बराच वेळ चालला. "ठोकाठोकी नको, एवढंच. आवाज नको. गपचूप फिरवून बंद कर मला."

अर्मसने आट्यांना मेण चोळलं, नट चढवला आणि जोडी तिच्या हातात दिली.

तिने फिरवला. लाकडावर लाकूड, पण कसलाही आवाज नाही. कुठे अडकत नव्हतं, कुठे डुगडुगत नव्हतं. खाणीच्या वर्कशॉपात त्याने जन्मभर पोलादी नट केले, पण इतका नेटका एकही तिने पाहिला नव्हता.

"झकास," ती म्हणाली. उलटा फिरवला. परत सुलटा फिरवला. मग तिची बोटं थांबली.

"अर्मस, तो चमच्यांचा खण तू कधी बसवलास रे?"

"आता त्याचं काय?"

"सांग ना म्हाताऱ्या."

"जानेवारीत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"आणि दर जुलैत मी त्याला बुक्क्या घालते तेव्हा काय म्हणतोस?"

त्याने कानशीवरचा भुसा फुंकला. "हिवाळ्यात लाकूड सुकलेलं असतं म्हणतो. दमट हवेत फुगतं. जागा सोडायला हवी होती."

"त्यानंतर मात्र सोडत आलास. कपाटाला सोडलीस, सौनाच्या दाराला सोडलीस. चिमण्यांच्या खोक्यालासुद्धा सोडलीस."

शेगडीत एक ओंडका खाली बसला.

लेम्पीने नट दोन बोटांत धरून, न फिरवता, हलवून पाहिला. हलला नाही.

"इथे नाही सोडलीस."

अर्मसने जोडी तिच्याकडून घेतली. दिव्याखाली धरली. दुसऱ्याच कुणाच्या हातचं काम पाहावं तसा तो त्या जोडीकडे पाहत राहिला. मग उठून त्याने पेटीवर ओळीने ठेवलेल्या बाकीच्या बोल्टांवरचे नट एकेक करून हलवले. एकही हलला नाही.

"विसरलो," तो म्हणाला.

"हं."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते तिने विचारलं नाही. घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. "मग आता सोड की."

त्याने बोल्ट वाइसच्या जबड्यात आवळला आणि कानस लावली. थोड्या वेळाने तिच्या हातात दिला. तिने नट फिरवला.

"जुलैला चालेल?"

"चालेल."

"झड लागली तर?"

त्याने परत घेतला. परत घासला. परत दिला.

"ऑगस्टमध्ये तलावावरून धुकं येतं. घरातलं मीठसुद्धा ओलं होतं."

तो घासत राहिला. मॅपलचा पिवळट भुसा त्याच्या गुडघ्यांवर साचला. आता नट नुसत्या बोटाच्या टिचकीने फिरत होता. आटे एकमेकांना जेमतेम शिवत होते.

"लेम्पी, आता पकड राहणार नाही."

"टोमॅटो सप्टेंबरपर्यंत येतात," ती म्हणाली. "अजून थोडं."

त्याने अजून थोडं घासलं. मग ओळीतला दुसरा बोल्ट उचलला.

तिने कॉफीचा मग झाकणावरून उचलला. खाली ओला गोल उमटला होता. तिने तो कोटाच्या बाहीने पुसला, पुसला गेला नाही, आणि ती त्याचा हात पुढे-मागे होताना पाहत बसली.

मार्चमध्ये, बर्फ अजून वितळलं नसताना, चौघांनी पेटी पायऱ्यांवरून खाली आणली तेव्हा आठही नट खडखडत होते.