दोआनचा वाडगा

सासूने सारावर तरंगून आलेला खेकड्याच्या मांसाचा जाड थर डावाने अलगद उचलला आणि सगळाच्या सगळा दोआनच्या वाडग्यात घातला. दोआनला जाऊन आज शंभर दिवस झाले होते.

लुआने नवऱ्याचा तो वाडगा भाताशेजारी, फोटोपुढे ठेवला. उदबत्ती लावली. सकाळी विधी झाला होता, पाहुणे जेवून गेले होते. थोरली नणंद थोम तेवढी राहिली होती. ती बाहेर हौदापाशी शेजाऱ्यांची मागून आणलेली भांडी घासत होती आणि घासता घासता कोणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होती. आत मात्र दोघीजणी असून घर रिकामं होतं.

लुआचं लग्न ऐन थंडीत झालं. नव्या वर्षाचा सण आटोपला आणि दोआन बोटीवर गेला. बोट परत आली, दोआन आला नाही. त्या दिवशी भरल्या अंगणात सासू ओरडली होती, "पांढऱ्या पायाची! आली आणि माझं पोर गिळलंन्!" सगळ्या गावाने ऐकलं. त्यानंतर तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

लुआ रोज रीतीप्रमाणे म्हणायची, "आई, जेवायला बसा." धाकट्याने असं म्हटल्याशिवाय या गावात कोणी जेवणाच्या काड्या उचलत नाही, आणि मोठ्याने त्यावर निदान 'हूं' तरी म्हणायचं असतं. सासू काड्या उचलायची. हूं नाही की चूं नाही.

फक्त एक वाक्य तेवढं ठरलेलं होतं. उदबत्ती विझली की ती भिंतीकडे बघत म्हणायची, "तो वाडगा तू संपव."

गेलेल्या माणसापुढचं अन्न टाकायचं नसतं, घरातल्या कोणीतरी खायचं असतं, हे लुआला का ठाऊक नव्हतं? पण रोज तिनेच का? शेतातले खेकडे सासू स्वतः धरून आणायची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायची, गाळायची. थर फुटू नये म्हणून मंद आचेवर सार ठेवून चुलीपासून हलायची नाही. आणि मग ते सगळं जायचं फोटोपुढे. मागे उरायचं मायाळूच्या पानांचं नुसतं हिरवं पाणी. ते सासू आपल्या भातावर ओतून घ्यायची, सोबत खारवलेलं वांगं. लुआच्या वाट्याला उदबत्तीच्या राखेचा वास लागलेला थंडगार वाडगा. मेल्यावरही लाड लेकाचेच, आणि आपण त्याच्या उष्ट्याच्या धनी! तरी ती खायची, कारण तो वाडगा दोआनचा होता.

उद्यापासून तोही बंद. शंभर दिवस झाले की रोजचं पान मांडत नाहीत. मग या घरात आपण कोण? मूल नाही, नवरा नाही. माहेरहून निरोप आला होता, ये निघून. लुआने पिशवी भरून दाराआड ठेवली होती. सासूने ती पाहिली होती आणि वळसा घालून गेली होती. 'थांब' असा एक शब्द जरी ती बोलली असती, तरी लुआने पिशवी उलटी केली असती.

उदबत्ती विझली.

"आई, जेवायला बसा," लुआ शेवटचं म्हणाली.

"तो वाडगा तू संपव," सासू भिंतीला म्हणाली.

लुआने पहिला घास उचलला, तेवढ्यात थोम हात पुसत आत आली. तिने वाडग्यात डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! दोआनपुढे खेकडा ठेवलात? अगं, नुसता रस्सा चाटला तरी अंगभर गांधी उठायच्या त्याच्या! ओठ सुजून हे एवढे! जन्मात कधी खेकडा खाल्ला नाही त्याने. आई, विसरलीस की काय?"

लुआच्या काड्या हवेतच राहिल्या. खेकड्याचं सार उन्हाळ्यातलं. दोआनबरोबर तिच्या वाट्याला एकही उन्हाळा आला नव्हता.

"विसरेन कशी? पोटचा पोर होता माझा," सासू म्हणाली.

"मग एवढं राबून हे कोणासाठी केलंस?"

सासूने डाव पातेल्यात सोडला.

"गावासमोर नाही नाही ते बोलून बसले मी. मग कुठल्या तोंडाने वाढणार होते तिला?"

सासूने मान वळवली. शंभर दिवसांत पहिल्यांदाच ती भिंतीकडे न बघता सुनेकडे बघत होती.

"लुआ, उद्यापासून तुझ्याच वाडग्यात वाढेन. गरम गरम. खाशील ना?"